हसू येतं तिथे अडत नाही: भारतीय इंग्रजीचा एक आढावा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची एका शब्दावरून चांगलीच जुंपली होती, असं चर्चिलने त्या युद्धाच्या आपल्या इतिहासात नोंदवलं आहे. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं. ते म्हणाले, हे 'टेबल' करू. अमेरिकनांच्या लेखी कागद 'टेबल' करणं म्हणजे तो खणात टाकून विसरून जाणं. त्यांनी कडाडून विरोध केला. बरंच भांडण झाल्यावर कळलं, की दोन्ही बाजूंना हवं होतं ते एकच.

भांडणारे दोघेही जन्माने इंग्रजी बोलणारे. आपल्याकडे मात्र भारतीय इंग्रजीचा विषय निघाला, की लंडनला किंवा न्यूयॉर्कला एक कडक इस्त्रीचं आंतरराष्ट्रीय इंग्रजी घडी करून ठेवलेलं आहे आणि आपलंच तेवढं चुरगळलेलं, असं धरून बोलायला सुरुवात होते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय इंग्रजी हे कुठल्याच गावचं इंग्रजी नाही. १९७४ सालापर्यंत ब्रिटिश सरकारच्या हिशेबात 'बिलियन' म्हणजे एकावर बारा शून्यं आणि अमेरिकेत एकावर नऊ. त्या वर्षी ब्रिटनने अमेरिकन हिशेब पत्करला. दक्षिण आफ्रिकेत रस्त्यावरच्या सिग्नलला 'रोबॉट' म्हणतात, नायजेरियात वाहतूककोंडीला 'गो-स्लो'. परक्या माणसाशी बोलताना यातलं काय वापरायचं आणि काय घरी ठेवायचं, याची जी तडजोड जागच्या जागी होते, तिलाच फार तर आंतरराष्ट्रीय इंग्रजी म्हणता येईल.

ही तडजोड आपण चुकीच्या टोकाकडून करत आलो आहोत, असं माझं मत आहे. भारतीय इंग्रजीत ज्या गोष्टींना आपण हसतो, त्यांनी परदेशात सहसा काही अडत नाही. ज्यांनी अडतं, त्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही, कारण त्या व्याकरणात चोख बसतात.

आधी हे इंग्रजी बोलतं कोण, ते पाहू. २०११च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून इंग्रजी सांगणारे देशात सुमारे २ लाख ६० हजार होते. त्यांत सर्वांत जास्त, लाखाहून अधिक, महाराष्ट्रातले. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे ८ कोटींच्या वर आणि तिसरी म्हणून सांगणारे साडेचार कोटींच्या आसपास. थोडक्यात, इंग्रजी येणाऱ्या पाचशे भारतीयांत एखाद्याच्याच घरी ते पाळण्यापासून कानावर पडलेलं असतं. बाकीच्यांना ते शाळेत, कचेरीत, कॉलेजच्या कट्ट्यावर मिळालं आणि तेही दुसऱ्या भारतीयाकडून. इंग्रज शिक्षक पाहिलेली पिढी कधीच संपली. इंग्रजी बोलणाऱ्या भारतीयाला रोज ज्यांच्याशी बोलायचं असतं तेही भारतीयच. तेव्हा कोणता शब्द चालेल आणि कोणता नाही, हे आपसातच ठरत गेलं, यात नवल नाही.

ते ठरण्याचे थर मात्र मजेशीर आहेत. सर्वांत खालचा थर कंपनी सरकारच्या काळातला, किंबहुना त्याच्याही आधीचा पोर्तुगीजांचा. 'प्यून' आणि 'आया' हे पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेले शब्द. या थराची मोठी नोंदवही म्हणजे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ साली निघालेला कोश. बर्नेल तो छापून येण्याआधीच वारले. साहेबलोक इथे राहून कसं इंग्रजी बोलू लागले, त्याची ती जंत्री आहे. भारतीय इंग्रजीचे पहिले वक्ते इंग्रजच होते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. गाव सोडून गेलेला माणूस आजही 'आउट ऑफ स्टेशन' असतो. त्यातलं स्टेशन रेल्वेचं नव्हे. जिल्ह्यात साहेबांची वस्ती जिथे असे, ते हे स्टेशन.

दुसरा थर शाळा-कॉलेजांचा. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली आणि इंग्रजी ही परीक्षेची भाषा झाली. मराठी मुलखात कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलं. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, पुन्हा मराठी. या पद्धतीने व्याकरण पक्कं होत असे, पण इंग्रजी ऐकायची सवय लागत नसे. नंतर आलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि फ्रेंच फॉरेन लीजनवरच्या 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे जगाला माहीत आहेत. इंग्लंडात त्यांचं व्याकरण आज कुणी ओळखणार नाही. आपल्याकडे मात्र ते अजून दुकानाच्या पुढच्या फळीवर असतं. महाराष्ट्राने २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि पाठमालेचा जमाना खऱ्या अर्थाने संपला.

तिसरा थर कचेरीचा. तो सर्वांत चिवट. 'काइंडली डू द नीडफुल' या वाक्याची जगभर टिंगल होते आणि ते अस्सल भारतीय समजलं जातं. ते एकेकाळी ब्रिटिश कारकुनीत सर्रास चालत असे. साहेब गेला, त्याच्या देशात पत्राची भाषा बदलली, इथे मसुदा तसाच राहिला. मोटारीच्या गॅरेजात गेलात तर याहून सुंदर उदाहरण मिळतं. सुट्या चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. १९०४च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावी डेव्हिस नावाच्या माणसाने ते तयार केलं. त्याचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. त्या रस्त्याचं नाव आज इंग्लंडातल्या गॅरेजवाल्याला काही सांगणार नाही, पण कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा पंक्चरवाला ते दिवसातून दहा वेळा घेतो. 'डिकी'चंही तसंच. पूर्वी घोडागाडीच्या मागच्या बाजूला उघडी बैठक असे, तिचं ते नाव. बैठक गेली आणि नाव सामान ठेवायच्या जागेला चिकटलं.

हे सगळं गमतीचं असलं तरी गमतींचा आढावा म्हणजे भाषेचा अभ्यास नव्हे. भारतीय इंग्रजीवर लिहिणारे बहुतेक लोक असे वीस-पंचवीस नमुने गोळा करतात आणि थांबतात. मोजून-मापून काम करण्याची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणी झाली, त्यांत कोल्हापूरचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं, आणि मराठी वाचकांना ते फारसं ठाऊक नाही. शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या इंग्रजीतून ५०० उतारे निवडले. प्रत्येक उतारा सुमारे २,००० शब्दांचा. वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, धार्मिक पुस्तकं, विज्ञान, कथा-कादंबऱ्या असं सगळं त्यात होतं. एकूण दहा लाख शब्द. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने आणि पाठोपाठ युरोपातल्या अभ्यासकांनी १९६१ सालच्या अमेरिकन व ब्रिटिश मजकुराचे असेच दहा-दहा लाख शब्दांचे संग्रह केले होते. त्यांच्याशी शेजारी ठेवून ताडून पाहता यावं, म्हणून वर्गवारी तीच ठेवली. 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने हा संग्रह १९८६ साली अभ्यासकांच्या हाती आला. पुढे इंग्रजीच्या जगभरच्या तऱ्हांचे नमुने गोळा करणारा मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प निघाला. त्यातल्या भारतीय विभागाच्या कामातही कोल्हापूर होतं, आणि त्यात बोललेलं इंग्रजीही आलं.

या संग्रहांवर नंतर परदेशी, विशेषतः जर्मन अभ्यासकांनी पुष्कळ काम केलं. त्यातून निघालं ते आपल्या समजुतींना धक्का देणारं आहे. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' ही भारतीय इंग्रजीची ओळखीची खूण. नकला करणारे तिच्यावर जगतात. शिकलेल्या भारतीयांच्या बोलण्यात ती सापडते खरी, पण नकलाकार दाखवतात त्याच्या जवळपासही नाही. खरे फरक सापडतात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. कोणत्या क्रियापदापुढे दोन कर्मं चालतात, कोणत्या क्रियापदाला कोणतं शब्दयोगी जोडायचं, 'द' कुठे घालायचा. 'गिफ्टेड हिम अ वॉच' असं आपण सहज लिहितो. 'गिव्ह' चालतं तर 'गिफ्ट' का नाही, आणि 'गिफ्ट' चालतं तर 'प्रोव्हाइड' का नाही, हे आपलं तर्कशास्त्र. 'डिस्कस अबाउट'ही तसंच. 'टॉक अबाउट' आहे, 'डिस्कशन अबाउट' आहे, मग बिचाऱ्या 'डिस्कस'नेच काय घोडं मारलंय? इंग्लंडातल्या मुलाने हीच साखळी लावली असती तर भाषा बदलते आहे असं म्हटलं गेलं असतं. आपण लावली की चूक.

मराठी माणसाच्या इंग्रजीत मराठीचा हात कुठे दिसतो, हे पाहायला कॉर्पसची गरज नाही. आपला 'च' आपल्याला सोडवत नाही, म्हणून 'इथेच' आहे ते 'हिअर ओन्ली' आणि 'आजच' हवं ते 'टुडे इटसेल्फ'. परीक्षा आपण देतो आणि मास्तर घेतात, म्हणून इंग्रजीतही आपण 'एक्झाम' देतो. तिकडे विद्यार्थी ती 'टेक' करतात. दिवा बंद करतो, म्हणून 'क्लोज द लाइट'. वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीत वाक्याच्या शेवटी येणारा 'मेन' ऐकून माणूस कुठला ते सांगता येतं, आणि त्यात पुरुष-बाई भेद नाही. 'कझिन ब्रदर' म्हटलं की इंग्रजीचे शिक्षक नाक मुरडतात. पण ज्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसबहीण आणि आतेबहीण सगळे एका 'कझिन'मध्ये कोंबले जातात आणि तो बाप्या की बाई तेही कळत नाही, तिला आपण थोडी मदत केली, एवढंच.

'प्रीपोन'ची कथा तर वेगळीच. भारतीय इंग्रजीवरच्या प्रत्येक विनोदात हा शब्द असतोच. 'पोस्टपोन' आहे तर 'प्रीपोन' का नको, हा विचार भारतीयांच्याही आधी एका अमेरिकन गृहस्थाच्या मनात आला होता. १९१३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहून त्याने हा शब्द सुचवला. तिकडे तो रुजला नाही, इकडे स्वतंत्रपणे उगवला आणि वाढला. तो ऐकून इंग्रज हसेल, पण बैठकीला वेळेवर येईल. अर्थ त्याला क्षणात कळलेला असतो.

आता ज्यांनी अडतं, त्या जागा पाहू.

पुण्यात हिंजवडीला किंवा ठाण्याला बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणारी एखादी मुलगी म्हणते, 'आय हॅव अ डाउट अबाउट धिस रिक्वायरमेंट.' तिला एवढंच म्हणायचंय, की एक गोष्ट नीट कळली नाही, विचारू का? आपल्या वर्गात बाई तास संपताना 'काही शंका?' म्हणतात, तीच ही शंका. पलीकडच्याला मात्र ऐकू येतं, की हिचा माझ्या मागणीवर विश्वास नाही. 'डाउट' हा शब्द त्याच्या ओळखीचा, वाक्य निर्दोष, त्यामुळे काही गडबड झाली आहे असा संशय दोघांनाही येत नाही. 'आय विल रिव्हर्ट बाय मंडे'चंही तेच. आपल्याकडे आणि सिंगापूर-मलेशियात 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं. बाकीच्या जगात 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. संगणकवाल्यांच्या भाषेत तर केलेलं काम पुसून जुन्यावर येणं. सोमवारी सगळं काम पुसणार या कल्पनेने कुणाला घाम फुटला तर त्याचा काय दोष?

याहून खोल खड्डा नकारार्थी प्रश्नाचा. 'डिडंट यू गेट द फाइल?' असं विचारल्यावर आपण म्हणतो, 'यस.' मराठीत ते बरोबर आहे. 'फाइल मिळाली नाही ना?' 'हो, नाही मिळाली.' आपला होकार समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला होकार घडलेल्या गोष्टीला असतो, म्हणून तिथे 'यस' म्हणजे मिळाली. पुढचं अर्धं वाक्य फोनच्या खरखरीत गेलं, की फाइल मिळाल्याची नोंद होऊन दोन्हीकडची मंडळी निवांत झोपतात.

मग आपला 'बघतो' आहे. घरी-दारी कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नसलं की 'बघतो', 'प्रयत्न करतो' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने ते समजून घ्यायचं, हा आपला सभ्य करार. त्याचं 'आय विल ट्राय' झालं की करार एकतर्फी होतो. जर्मन किंवा डच माणूस ते अक्षरशः घेतो आणि शुक्रवारी काम मागतो. हा दोष भारतीयांपुरता नाही, हेही सांगितलं पाहिजे. इंग्रज माणूस एखाद्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणतो तेव्हा ते बेताचंच असतं. अमेरिकन तेच शब्द वापरतो तेव्हा त्याला ते खरंच आवडलेलं असतं. इंग्रजांना कुणी यासाठी शिकवणी लावत नाही.

अदबीचा प्रश्न मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आपल्यावर उद्धटपणाचा शिक्का बसतो आणि आपण मनात अगदी नम्र असतो. मराठीत 'प्लीज'ला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. 'कृपया' पाट्यांवर असतो आणि रेल्वेच्या घोषणांत. आपली अदब क्रियापदाच्या पोटात असते. 'दे', 'द्या', 'देता का जरा', 'द्याल का' अशा पायऱ्या आपण विचार न करता चढतो-उतरतो. इंग्रजीत गेलं की या सगळ्या पायऱ्यांचं एकच 'गिव्ह' होतं. 'गिव्ह मी वन कॉफी' म्हणणाऱ्याच्या मनात 'एक कॉफी द्या हो' असतं, काउंटरवरच्या पोरीला हुकूम ऐकू येतो. हरवलेली अदब भरून काढायला मग आपण 'सर' आणि 'मॅडम' पेरतो, तेही नावाच्या मागे लावून. 'जोशी सर', 'शुभांगी मॅडम'. ब्रिटिश माणूस त्यात अवघडतो, कारण त्याच्याकडे 'सर' हा किताब आहे किंवा शाळामास्तर. फोन उचलून 'बोला' म्हणायची आपली रीत अगदी मोकळी, आपुलकीची. तिचं 'टेल मी' झालं की पलीकडचा माणूस सावरून बसतो. यातलं एकही वाक्य व्याकरणाच्या पेपरात चूक ठरणार नाही. त्यामुळे शाळेत हे कुणी सांगत नाही आणि नोकरीत कुणी बोलून दाखवत नाही.

आकड्यांचा घोळ त्यामानाने सरळ आहे. लाख-कोटीत आपण दोन-दोन आकड्यांवर स्वल्पविराम देतो, बाहेरचं जग तीन-तीनवर. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेब लाखात, कोटीत किंवा मिलियनमध्ये दाखवायची मुभा आहे. तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं, ते न वाचता आकडा उचलला की दहापट-शंभरपट फरक पडतो. इथे उपाय आहे आणि तो सोपा आहे: डोक्यावर एकक लिहा. 'लाख'ची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

प्रत्येक भारतीय प्रयोगाची पाठराखण करावी, असं मात्र मला म्हणायचं नाही. 'ईव्ह-टीजिंग' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी आणि पोलिसांनी दशकानुदशकं वापरला. बाईला रस्त्यात छळणं हा गुन्हा त्या शब्दाने थट्टामस्करीच्या रांगेत बसवला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली न्यायालयीन भाषेतल्या स्त्रीविषयक साच्यांवर पुस्तिका काढली. तिने हा शब्द टाळून रस्त्यावरचा लैंगिक छळ असं सरळ म्हणायला सांगितलं. उशिरा का होईना, बरं झालं. न्यायालयांची स्वतःची भाषा हा आणखी वेगळा विषय. घटनेच्या ३४८व्या कलमाने वरिष्ठ न्यायालयांचा कारभार इंग्रजीत ठेवला. तिथे तीन-तीन पानांची वाक्यं म्हणजे विद्वत्ता असा समज मुरला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल रद्द करून परत पाठवला, कारण तो काय म्हणतो हेच समजत नव्हतं. वाद भारतीयांचा, निकाल भारतीयाचा, वाचणारे भारतीय. परदेशी कुणी नसतानाही अडलं ते असं.

आता उच्चार. या बाबतीत आपला न्यूनगंड सर्वांत मोठा आणि अभ्यास सर्वांत जुना. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीयांच्या इंग्रजीचं ध्वनिमुद्रण परदेशी श्रोत्यांना ऐकवून त्यांना किती कळतं ते तपासलं. १९६९ साली ते काम छापून आलं. आपल्याला वाटतं 'ट' आणि 'ड' जीभ मागे वळवून ठासून म्हटल्यामुळे, किंवा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांना एकच 'व' दिल्यामुळे घोटाळा होत असेल. बन्सल यांना आढळलं, की मुख्य अडचण शब्दातल्या आघाताची आहे. इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर असतो आणि बाकीचे गिळले जातात. मराठीत सगळ्या अक्षरांना त्यांचा-त्यांचा मान मिळतो. आपण 'डेव्हलपमेंट'चं प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे उच्चारतो आणि इंग्रज कानाला शब्दाचा कणा सापडत नाही.

पुढे जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली एक पुस्तक लिहून हा प्रश्नच उलटा केला. इंग्रजी मातृभाषा नसलेली दोन माणसं आपसात बोलतात तेव्हा कशाने अडतं? त्यांच्या यादीत 'थ'चे इंग्रजी उच्चार नव्हतेच. ते जमले नाहीत तरी चालतं. स्वर ऱ्हस्व की दीर्घ आणि वाक्यात नेमका जोर कुठे, हे सांभाळलं म्हणजे पुष्कळ झालं. शब्दातल्या आघाताला त्यांनी बन्सल यांच्याइतकं महत्त्व दिलं नाही. दोघांचं भांडण दिसतं तेवढं नाही, कारण ऐकणारे कान वेगळे होते. बन्सल यांनी कान लावला तो प्रामुख्याने ब्रिटिशांचा. जेंकिन्स यांचे श्रोते जपानी, स्विस, कोरियन होते. त्याआधीच लॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७९ साली निरनिराळ्या देशांतल्या श्रोत्यांना निरनिराळ्या देशांतले वक्ते ऐकवले होते. सर्वांत सहज समजणारा वक्ता जन्माने इंग्रजी बोलणारा नव्हता.

गुरगाव, मुंबई, पुणे इथली कॉल सेंटरं सुरू झाली तेव्हा मुलांना अमेरिकन नावं आणि उसने उच्चार शिकवण्यावर भर होता. अमेरिकेच्या एका गावचा उच्चार अर्धवट उचलण्यापेक्षा स्वतःच्याच उच्चारात जरा सावकाश बोललेलं बरं, हे पुढे धंद्यालाही उमगलं आणि शिकवणीला 'न्यूट्रल' असं नाव मिळालं. न्यूट्रल म्हणजे नेमका कुठला, हे विचारायचं नसतं.

मग या सगळ्याचा निवाडा करणार कोण? १९९०च्या सुमारास लंडनचे रँडॉल्फ क्वर्क आणि श्रीनगरला जन्मलेले, अमेरिकेत शिकवणारे ब्रज काचरू यांच्यात 'इंग्लिश टुडे' या नियतकालिकातून गाजलेला वाद झाला. क्वर्क यांचं म्हणणं, शिकवायला एकच प्रमाण हवं, नाहीतर गरीब देशांतल्या मुलांचंच नुकसान होईल. काचरूंचं म्हणणं, भारत, नायजेरिया, सिंगापूर इथलं इंग्रजी हे अर्धवट शिकलेलं ब्रिटिश इंग्रजी नाही, त्याला स्वतःचं प्रमाण आहे. क्वर्क यांच्या काळजीत तथ्य होतं. नोकरीच्या मुलाखतीत काचरूंचा सिद्धान्त कामाला येत नाही. पण लोकसंख्येने आणि काळाने कौल काचरूंच्या बाजूने दिला. सिंगापूर सरकारने २००० साली चांगलं इंग्रजी बोला म्हणून मोहीम काढली, तरी तिथल्या लोकांनी वाक्याशेवटचा 'ला' सोडला नाही. ऑक्सफर्डने २०२० साली आपल्या विद्यार्थी कोशाच्या दहाव्या आवृत्तीत २६ नवे भारतीय इंग्रजी शब्द घेतले. त्यांत 'चाळ' आणि 'डबा' आहेत, म्हणजे गिरगाव आणि डबेवाले आले म्हणायचे. आपली वर्तमानपत्रं अशा बातम्या पहिल्या पानावर छापतात. ऑस्ट्रेलियाने १९८१ साली स्वतःचा 'मॅक्वारी' कोश काढला आणि ऑक्सफर्डकडे बघणं कमी केलं. त्या वजनाचा भारतीय इंग्रजीचा कोश आपण अजून काढलेला नाही.

लेखकांनी हा प्रश्न आपल्या परीने कधीच सोडवला. राजा राव यांनी १९३८ साली 'कांतापुरा'च्या प्रास्ताविकातच इंग्रजीला भारतीय चाल देण्याचा मनसुबा जाहीर केला. मुंबईचे निस्सिम इझिकेल यांनी भारतीय इंग्रजीत कविता लिहिल्या. ती थट्टा की माया, यावर अजून वाद होतो. मला त्यात दोन्ही दिसतात आणि थट्टा जरा जास्त. अरुण कोलटकरांनी 'जेजुरी' लिहिताना यातलं काहीच केलं नाही. साधं, उघडंवाघडं इंग्रजी वापरलं, आणि त्यातला एसटीचा प्रवास, देवळं आणि पुजारी तरीही पूर्णपणे इथलेच राहिले.

आंतरराष्ट्रीय इंग्रजीची खरी कसोटी साहित्यात नाही, आकाशात लागते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते खाली आलं. चालकांचं इंग्रजी अपुरं असण्याचा मुद्दा त्या निमित्ताने ऐरणीवर आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ साली वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या, आणि २००८पासून परदेशी उड्डाणाला किमान चौथी पातळी लागते. या इंग्रजीत तीनला 'ट्री' म्हणतात, पाचला 'फाइफ', नवाला 'नाइनर' आणि हजाराला 'टाउझंड'. 'थ'चा इंग्रजी उच्चार बहुतेक जगाला जमत नाही, आणि इथे तर तीन आणि हजार हे शब्द नियमानेच त्याच्याविना म्हणायचे. त्याच संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आणखी एक कलम आहे. समजण्याची जबाबदारी एकट्या परक्यावर टाकू नये. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकाने आणि नियंत्रकानेही आपले खास वाक्प्रचार गाळावेत, वेग आवरावा, समोरच्याला कळलं की नाही याची खात्री करून घ्यावी. आपल्या कंपन्यांतल्या इंग्रजीच्या शिकवणीला मात्र अजून एकाच टोकाची माणसं बसतात. डॅलस किंवा लीड्सच्या माणसाला 'डाउट' म्हणजे प्रश्न आणि 'बघतो' म्हणजे नाही, हे सांगणारा तास वेळापत्रकात नसतो.